हमिंगबर्डच्या जागी मी

इंग्लंडला निघालेल्या माणसाला पुण्यात जो तो एकच सल्ला देतो: छत्री न्या. आम्ही दोघांच्या दोन नेल्याच, वर लेकीसाठी एक नवी घेतली. सबंध उन्हाळ्यात त्यातली एकही उघडायची वेळ आली नाही. आम्ही गेलो त्या वर्षी तिकडे पाऊस रुसला होता. जी हिरवळ दाखवायची म्हणून केतकी वर्षभर फोनवर बोलत होती, ती वाळून गोणपाटाच्या रंगाची झाली होती, आणि नळी लावून बागेला पाणी घालायला बंदी आली होती. केतकीला त्याचं फार वाईट वाटायचं. जणू तिनेच पाऊस बुक करायला उशीर केला होता. मला मात्र घरच्यासारखं वाटलं. पाणीकपात हा शब्द ऐकला की माझे हात आपोआप बादली शोधायला लागतात.

केतकी आमची एकुलती एक. ती आणि जावई निखिल, दोघंही लंडनजवळच्या रीडिंग गावात सॉफ्टवेअरमध्ये. घर छान आहे, लाल विटांचं, पुढे हातरुमालाएवढी बाग आणि मागे टॉवेलाएवढी. ती दोघं लॅपटॉप घेऊन ऑफिसला गेली किंवा वरच्या खोलीत मीटिंगला बसली, की खाली मी आणि सुनंदा. सुनंदा ही माझी बायको. ती परदेशात फार लवकर रुळते. चार दिवसांत तिला कुठल्या दुकानात कोथिंबिरीची जुडी चांगली मिळते ते कळलं होतं, आणि कचऱ्याचा कुठल्या रंगाचा डबा कधी बाहेर ठेवायचा हे ती मला बजावायला लागली होती. मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. मला रुळायला वेळ लागतो, म्हणून मी पुण्याच्या सवयी तशाच चालू ठेवल्या. त्यातली पहिली, सकाळचं फिरणं.

रीडिंग, जून

पुण्यात मी फिरायला निघतो तो परडी घेऊन. आमच्या कॉलनीतला नियम सर्वांना ठाऊक आहे: कुंपणाच्या आतलं फूल मालकाचं, कुंपणाबाहेर डोकावलेलं देवाचं. या नियमावर मी वीस-पंचवीस वर्षं पूजेची फुलं आणतोय. एकदोन ठिकाणी कुत्रं अंगावर सोडलं गेलं हे खरं, पण तत्त्वाला कोणी हरकत घेतली नाही.

रीडिंगच्या रस्त्यावर सकाळी सहाला लख्ख उजेड आणि माणूस नाही. भेटलीच तर कुत्र्याला फिरवणारी मंडळी. ती आपल्याकडे न बघता ‘मॉर्निंग’ म्हणतात आणि आपण उत्तर देईपर्यंत पुढे गेलेली असतात. घरांना कुंपण म्हणजे गुडघ्याएवढी भिंत. त्या भिंतींआड त्या वर्षी बहुतेक बागा मान टाकून बसल्या होत्या. हायड्रेंजिया नावाची त्यांची ती मोठमोठ्या गुच्छांची फुलं कागदासारखी वाजत होती.

त्या दिवशी संकष्टी होती. सुनंदाची संकष्टी तिकडे म्हणजे एक वेगळंच प्रकरण. सूर्यच रात्री साडेनऊच्या सुमाराला मावळतो, तर चंद्राची वाट बघणाऱ्या बाईने जेवायचं कधी? बरं, एवढा उपास करून गणपतीला लाल फूल नाही. जास्वंद तिकडे कुठली? महिनाभर बाप्पा दुकानातल्या डेझीवर भागवत होता. आणि आमच्या शेजारच्याच घरापुढे, भिंतीवरून बाहेर, फुटपाथवर झुकलेला एक लांब दांडा मला दिसला. त्याला लटकलेली शेंदरी लाल फुलं, बारीक नळीसारखी, टोकाला जरा उघडलेली. खाली माती म्हणावी अशी नव्हतीच, नुसती खडी. आजूबाजूचं सगळं सुकलेलं आणि हे आपलं टवटवीत. कुंपणाबाहेर तर ते होतंच. मी नखाने दांडा बुडापासून अलगद खुडला आणि घरी आलो. सुनंदा इतकी खूश झाली की तिने मला दुसरा चहा न मागता दिला.

संध्याकाळी केतकी ऑफिसहून आली, देवाला नमस्कार करायला वाकली आणि तशीच थांबली.

“बाबा, हे कुठून आणलंत?”

मी अभिमानाने सांगितलं. ती मटकन खुर्चीत बसली.

“बाबा, सिरियसली? ते डोरीनच्या फ्रंट गार्डनमधलं पेनस्टेमॉन आहे. तिच्या नवऱ्याचं आहे ते. या वर्षी एकच दांडा आलाय म्हणून ती रोज खिडकीतून बघत असते. तुम्ही कुणाच्याही प्रॉपर्टीतून असं पिक नाही करू शकत इथे!”

मी कुंपणाचा नियम सांगायला तोंड उघडलं, पण सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. आमची वरात शेजारी गेली. डोरीनबाई ऐंशीच्या घरातल्या, बारीक, ताठ, पांढरे केस कानामागे खोचलेले. केतकीने माफी मागितली, मग मी मागितली. डोरीनबाई हसल्या आणि म्हणाल्या, “नॉट टू वरी, रियली.” दार हळूच लागलं. मी निश्चिंत होऊन परतलो आणि म्हणालो, बघा, किती मोठ्या मनाची बाई, तिला काही वाटलंसुद्धा नाही. त्यावर केतकीने मला जे शिकवलं ते कुठल्याही टूर कंपनीने माहितीपत्रकात छापलं पाहिजे. इंग्रज माणसाचं खरोखर काही बिघडलं नसेल तर तो तक्रार करतो, हवेविषयी, ट्रेनविषयी, चहाविषयी. तो ‘नॉट टू वरी’ म्हणून दार हळू लावतो तेव्हा समजावं की फार लागलंय.

मग मला जेवण गोड लागेना. चंद्र निघाला की नाही तेही मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू घेऊन मी एकटाच गेलो. सुनंदाने बजावलं होतं, तिथे जाऊन स्वतःचीच बाजू मांडत बसू नका. डोरीनबाईंनी मला आत बसवलं. घरात अर्धे खोके बांधलेले. हळूहळू सगळं कळलं. केनेथ, म्हणजे त्यांचा नवरा, निवृत्त झाल्यावर दोघं अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात फिरायला गेली होती. तिथे मोटेलच्या दारात ही फुलं होती आणि त्यांच्यावर दिवसभर हमिंगबर्ड यायचे. केनेथ गाडी सोडून तिथेच खुर्ची टाकून बसला. पेट्रोल पंपाच्या दुकानातून त्याने बियांचं पाकीट घेतलं आणि रीडिंगला पुढच्या बागेतली हिरवळ उपटून खडी ओतली. हे झाड पाच-सहा वर्षंच जगतं, म्हणून तो दर वर्षी बी धरून नवी रोपं करायचा. तो गेल्यावर कोणी बी धरलं नव्हतं. उरलं होतं ते एकच जुनं झाड. घर विकलं गेलं होतं, सप्टेंबरच्या मध्यावर डोरीनबाई श्रूजबरीला बहिणीजवळ छोट्या फ्लॅटमध्ये जाणार होत्या. एवढं म्हातारं झाड उपटलं तर जगत नाही, आणि नव्या मालकाला त्या जागी गाडी लावायची होती. तेव्हा बी हा एकच मार्ग होता, आणि बी त्या एका दांड्यावर यायचं होतं.

तो दांडा आमच्या गणपतीपुढे होता.

केतकीने ऑनलाइन तसंच रोप शोधून ठेवलं होतं, मी ते सुचवलं. डोरीनबाई म्हणाल्या, हो, मिळतं खरं. मग लाडवांचा डबा नीट बंद केला. मला माझाच राग आला. दुसऱ्याच्या घरची वस्तू मोडून बाजारातून तशीच आणून देतो म्हणणारा माणूस मला कधीच आवडलेला नाही.

मग त्यांनी विचारलं की फुलाचं तुम्ही केलंत काय. सांगितलं, देवाला वाहिलं. त्यांना बघायचं होतं. सुनंदाने त्यांना बूट काढायला न लावता आत नेलं, हेही लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण मला ती दारातच अडवते. डोरीनबाई गणपतीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. केनेथची फुलं आजवर चर्चच्या हॉलमध्ये आणि हॉस्पिटलात गेली होती, हत्तीच्या तोंडाच्या देवाकडे पहिल्यांदाच. हे त्याला फार आवडलं असतं, त्या म्हणाल्या, आणि या वेळी खरंच हसल्या. जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, कधीकधी पहिला दांडा लवकर कापला तर हे झाड उन्हाळा सरता सरता दुसरा देतं. केनेथच्या वेळी दोनदा झालं होतं. यंदा होईल असं मी म्हणत नाही.

डंजनेस, जुलै

मी रोज सकाळी ते झाड बघायला लागलो. माझा जीव पाण्यात, म्हणजे पाणी घालण्यात. आमच्याकडे आजाऱ्याला पेज आणि झाडाला पाणी, याखेरीज तिसरं औषध माहीत नाही. नळीला बंदी होती, पण तांदूळ धुतलेलं पाणी होतं. भांडं घेऊन भिंतीपर्यंत गेलो तर डोरीनबाई खिडकीतून बोट हलवून नाही म्हणाल्या. बाहेर येऊन त्यांनी समजावलं की याला पाणी दिलंत तर मूळ कुजेल, याला दुर्लक्ष लागतं. मी म्हटलं, दुर्लक्ष करायला आम्हाला कोणी शिकवलं नाही. तांदळाचं पाणी परत नेऊन सिंकमध्ये ओतताना माझ्या जिवावर आलं.

जुलैच्या एका रविवारी निखिलने डंजनेसला न्यायचं ठरवलं. केंटच्या टोकाला समुद्राकाठी नुसत्या गोट्यांचं एक मैदान आहे, इंग्लंडातल्या सर्वांत कोरड्या जागांपैकी एक म्हणतात. सुनंदाने डोरीनबाईंना सोबत बोलावलं. गाडीत पुढे डोरीनबाई, मागे आम्ही तिघं दाटीवाटीने, आणि डिकीत थालीपिठं, दही, लोणचं आणि डोरीनबाईंची काकडीची सँडविचेस. त्या सँडविचमधली काकडी इतकी पातळ होती की पलीकडचं दिसावं. मी तसं म्हणालो नाही. मी इंग्लंडात राहून सुधारत होतो.

डंजनेस मला फार आवडलं. एका बाजूला जुनं अणुवीज केंद्र, दुसरीकडे काळ्या लाकडी झोपड्या, मोडक्या होड्या, आणि नजर जाईल तिथवर करड्या गोट्या. कुंपण कुठेच नाही. कुणाची बाग कुठे संपते आणि किनारा कुठे सुरू होतो ते कळत नाही, त्यामुळे मी हात खिशात घालून चाललो. त्या गोट्यांमधून, जिथे ओंजळभर माती नाही, तिथून कोबीसारखी जाड पानं, पिवळे पॉपी आणि लाल व्हॅलेरियनचे झुबके उगवले होते. आपल्याकडे कातळावर पावसाळ्यात फुलं येतात ती चार दिवसांची पाहुणी असतात. ही सगळी उन्हात मजेत उभी होती. वारा एवढा की सुनंदाने थालीपीठ दोन्ही हातांनी धरून खाल्लं. डोरीनबाईंनी लोणच्याची चव घेतली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी दुसरी फोड मागितली.

तिथेच मी हमिंगबर्ड पाहिला. व्हॅलेरियनच्या झुबक्यापुढे तो हवेत एका जागी थांबला होता, पंख दिसत नव्हते इतके वेगात, आणि लांब सोंड फुलात. मी ओरडून सगळ्यांना बोलावलं. डोरीनबाई शांतपणे म्हणाल्या की हा पतंग आहे, हमिंगबर्डसारखा दिसतो म्हणून त्याचं नाव तसंच. या देशात हमिंगबर्ड नाही, कधीच नव्हता. केनेथसुद्धा पहिल्यांदा असाच फसला होता आणि त्याने त्या पतंगाला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

मग फुलांचं काम कोण करतं, मी विचारलं. जास्वंदीवर आमच्याकडे शिंजीर येतो, तो चिमणीपेक्षा लहान निळाकाळा पक्षी, तो आपल्या चोचीने पराग इकडचा तिकडे करतो. तुमच्या लाल फुलांचं काय? त्या म्हणाल्या, हा पतंग आला तर येतो, पण त्याच्यावर विसंबता येत नाही. मधमाश्या लबाड असतात, फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध चोरतात आणि परागाला शिवतही नाहीत. म्हणून केनेथ स्वतः ब्रश घेऊन बसायचा. त्यांनी आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. तो थरथरत होता. गेल्या वर्षी त्यांनीही प्रयत्न केला होता. फुलं तुटून हातात आली.

“दुसरा दांडा आला तरी माझ्याच्याने होणार नाही, मिस्टर सोमण.”

मी म्हटलं, गच्चीवरच्या लाल भोपळ्याचं लग्न मी दर वर्षी लावतो. नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर फिरवायचं. माझे भोपळे सगळ्या बिल्डिंगला पुरतात. दांडा तेवढा येऊ दे.

पुन्हा रीडिंग

ऑगस्टच्या सुरुवातीला तो आला. पहिल्यापेक्षा आखूड होता, फुलंही मोजकी. पण लाल तेवढाच. त्या सकाळी मी फिरायला गेलोच नाही, तिथेच उभा राहिलो. येणारेजाणारे ‘मॉर्निंग’ म्हणत होते आणि मी सगळ्यांना दांडा दाखवत होतो.

भोपळ्याचं फूल म्हणजे परात असते. हे म्हणजे बारीक नळी. माझं बोट आत जाईना. केनेथचा ब्रश कुठल्या खोक्यात गेला ते डोरीनबाईंना सापडेना. केतकीने मेकअपचा ब्रश दिला, तो जाडा निघाला. शेवटी सुनंदा आत गेली आणि पुण्याहून आणलेली फुलवातींची पुडी घेऊन आली. वळलेलं टोक बारीक, मागे कापसाचा गोंडा धरायला. त्या टोकाला पराग असा चिकटला की कापूस पिवळा झाला. निरांजनाची वात फुलात घालताना मला क्षणभर अवघडल्यासारखं झालं. सुनंदा म्हणाली, “अहो, देवाचं फूल तोडलंत ना, मग देवाच्याच वातीने भरपाई करा. घाबरताय काय?”

डोरीनबाई खुर्ची टाकून बाजूला बसायच्या आणि सूचना करायच्या. फूल उमललं की आधी पराग पिकतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो आणि त्याचं टोक खाली वाकतं. म्हणून वरच्या ताज्या फुलांतला पराग घेऊन खालच्या जुन्या फुलांच्या वाकलेल्या टोकाला लावायचा. चष्मा कपाळावर, एक गुडघा खडीत, श्वास रोखलेला, असा मी तिथे रोज सकाळी बसायचो. पोस्टमनला वाटलं असणार की मला चक्कर आली आहे, कारण त्याने दोनदा ‘ऑल राइट?’ विचारलं. निखिल जाता-येता म्हणायचा, बाबा, आज हमिंगबर्डची शिफ्ट किती वाजता सुटणार? एवढं मन लावून मी सबस्टेशनमध्येसुद्धा काम केलं नव्हतं. ते दिवस फार सुखाचे गेले. नऊच्या सुमाराला डोरीनबाई चहा आणायच्या, सुनंदा पोहे, आणि आम्ही तिघं त्या खडीच्या बागेत बसून रस्ता बघायचो.

पाकळ्या गळल्या. काही फुलांच्या मागे काहीच उरलं नाही. सात ठिकाणी मात्र हिरवी बोंडं धरली, ज्वारीच्या दाण्याएवढी, मग हळूहळू हरभऱ्याएवढी. मी तेव्हाच पेढे वाटायला निघालो होतो. डोरीनबाईंनी थांबवलं. बोंड दिसतं म्हणजे आत बी असतंच असं नाही, त्या म्हणाल्या. केनेथच्या हातचीही कितीतरी पोकळ निघाली होती. बोंड वाळून तपकिरी होईपर्यंत काही कळत नाही.

बोंडं वाळायच्या आधी सप्टेंबर आला. त्यांचा सामानाचा ट्रक आणि आमचं विमान एकाच आठवड्यात होतं. बोंडं अजून हिरवट पिवळीच होती. अशा वेळी केनेथ सबंध दांडा कापून कागदी पिशवीत उलटा टांगायचा, उरलेलं पिकणं तिथे होतं, झालं तर. ट्रकमध्ये शेवटचं खोकं चढलं तेव्हा डोरीनबाई कात्री आणि पिशवी घेऊन झाडापाशी आल्या. मी भिंतीच्या बाहेर उभा होतो. त्यांनी कात्री माझ्यापुढे धरली.

“तुम्हीच तोडा,” त्या म्हणाल्या. “तुमचा हात बसलाय.”

केतकी आधी दचकली, मग इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. मी दांडा कापला. या वेळी नखाने नाही. डोरीनबाईंनी पिशवीचं तोंड दुमडलं, बहिणीच्या मुलाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. बाकी घर ट्रकमधून गेलं. सुनंदाने खिडकीतून त्यांच्या हातावर दही घातलं. ते कशासाठी हे त्यांनी विचारलं नाही, चाटून टाकलं. गाडी वळली तेव्हा मला रडू आलं. साठी उलटलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या झाडावरून रस्त्यात रडावं हे काही बरं दिसत नाही, पण तिकडे कोणी बघत नाही ही एक सोय आहे.

पुण्याला आल्यावर पाऊसही भेटला आणि आमच्या दोन्ही छत्र्या उघडायची वेळही आली. कॉलनीत सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलंत? लंडनचं घड्याळ, राणीचा वाडा, सगळं पाहिलं होतं, तेच सांगितलं. पण फोन वाजला की मी धावायचो. सुनंदा म्हणायची, अहो, त्यांना लागायचं आहे अजून घर. आणि पोकळ निघालं असेल तर त्या बाई कळवणारही नाहीत, नॉट टू वरी म्हणून गप्प बसतील. तीच तर मला भीती होती.

शेवटी एका दुपारी फोन आला. डोरीनबाईंनी आधी हवेची तक्रार केली, श्रूजबरीला सारखा पाऊस आहे म्हणाल्या. मग लिफ्टची, मग बहिणीच्या हातच्या चहाची. एवढ्या तक्रारी ऐकून माझा जीव जरा भांड्यात पडला. मग त्या म्हणाल्या, थांबा, फोन कानाला नीट लावा. आधी कागदाची कुरकुर झाली. मग ऐकू आली बारीक, कोरडी, खुळखुळ्यासारखी खळखळ, एकदा आणि परत एकदा, जणू कुणी मूठभर मोहरी डब्यात हलवतंय.

तिकडून त्यांनी विचारलं, “मिस्टर सोमण, आहात ना?”

“आहे,” मी म्हटलं. “सुनंदाला बोलावतो. पुन्हा एकदा वाजवा.”